होडीवरची ट्रोलिंग मोटार: बॅटरी, वायरिंग आणि चार्जिंग पहिल्यांदा करताना

ट्रोलिंग मोटार, म्हणजे होडी हळूहळू चालवणारी बॅटरीवरची छोटी मोटार, घ्यायची ठरली की सगळे आधी विचारतात किती पौंडाची घेऊ, मग विचारतात बॅटरी कुठली लावू, आणि या दोघांच्या मधली वायर मात्र घरात जी उरलेली असते ती लागते. मी पण तेच केलं होतं. माझी होडी १४ फुटी फायबरची, कर्ली खाडीत तांबोशी माशासाठी फिरतो, मोटार १२ व्होल्ट ५५ पौंडाची. पहिल्या वर्षी मोटार चांगली, बॅटरी नवीकोरी, तरी मोटार खेचेचना, आणि मी दोष देत होतो बॅटरीला. खरा घोळ त्या चार मीटर वायरीत होता. म्हणून हे सगळं नीट क्रमाने लिहितोय, एकदा शांतपणे वाचा आणि मगच बाजारात जा.

होडीची नोंदणी, परवानगी हा वेगळा विषय आहे, त्यासाठी जवळच्या बंदर कार्यालयात आधी विचारून घ्या. इथे फक्त वीज.

१. आधी मोटारीचे तीन आकडे लिहून काढा

व्होल्ट, पौंड थ्रस्ट (म्हणजे होडी ढकलण्याचा जोर) आणि फुल स्पीडला लागणारे ॲम्पिअर. हे तिन्ही मॅन्युअलमध्ये मिळतात. साधारणपणे ५५ पौंडापर्यंतच्या मोटारी १२ व्होल्टवर चालतात, ७०-८० पौंडाच्या २४ व्होल्टवर, आणि १०० च्या वर गेलात की ३६ व्होल्ट, म्हणजे तीन बॅटऱ्या. ५५ पौंडाची मोटार फुल स्पीडला ५० ॲम्पिअरच्या आसपास खाते. ५० ॲम्पिअर म्हणजे किती हे डोक्यात बसत नाही पटकन. घरातला दीड टनाचा एसी सात-आठ ॲम्पिअर घेतो, तो २३० व्होल्टवर. इथे व्होल्ट कमी म्हणून करंट प्रचंड, आणि वायर तापते ती करंटने. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

२. बॅटरी निवडणं

गाडीची बॅटरी लावू नका. ती स्टार्टर फिरवायला दोन-तीन सेकंद जोरात करंट द्यायला बनवलेली असते, तिच्या प्लेटा पातळ असतात, रोज खोलवर रिकामी केली की काही महिन्यांत बसते. आपल्याला डीप सायकल बॅटरी लागते. आपल्याकडे त्या नावाने दुकानात सहसा मिळत नाही, पण तीन पर्याय आहेत.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी चालते आणि टिकते पण, फक्त १५० एएचची (एएच म्हणजे ॲम्पिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते आणि उंच असते, छोट्या होडीत तिचं वजन वर येतं आणि होडी डुलते. ई-रिक्षाची बॅटरी हा माझ्या मते लेड ॲसिडमधला सगळ्यात शहाणा पर्याय, १०० एएचच्या आसपास, पंचवीस-तीस किलो, उंचीला बेताची, आणि ती रोज रिकामी होऊन रोज भरायलाच बनवलेली असते. तिसरा पर्याय लिथियम फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. १०० एएचची बॅटरी बारा-तेरा किलोत येते, महाग आहे, पण ज्याला एकट्याने बॅटरी खांद्यावर घेऊन धक्क्याच्या पायऱ्या उतरायच्या असतात त्याला विचारा या वजनाची किंमत. लिथियम घेताना एकच प्रश्न विचारा, आतल्या बीएमएसचा, म्हणजे बॅटरीला सांभाळणाऱ्या सर्किटचा, सलग करंट किती? मोटार ५० ॲम्पिअरची असेल तर बीएमएस किमान ६०, खरं तर १०० चा हवा, नाहीतर फुल स्पीडला भर खाडीत तो सप्लाय तोडतो. काही मोटारींच्या मॅन्युअलमध्ये लिथियमवर सलग फुल स्पीडला चालवू नका असं लिहिलेलं असतं कारण त्या बॅटरीचा व्होल्टेज जास्त राहतो, ते पण बघून घ्या.

आता किती वेळ चालेल. लेड ॲसिड अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, म्हणजे १०० एएचमधले वापरायचे ५०. तुम्ही म्हणाल ५० ॲम्पिअरला एक तास. नाही. बॅटरीवरचा १०० हा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा आहे, ५० ॲम्पिअरने ओढलीत तर ती तेवढं देतच नाही, हातात पस्तीस-चाळीस मिनिटं धरा. पण मधल्या स्पीडला तीच मोटार पंधरा-वीस ॲम्पिअर घेते आणि अडीच तास आरामात फिरता येतं. लिथियमचे ८० एएच तरी बिनधास्त वापरता येतात.

खाडीत फिरणाऱ्यांनी अजून एक हिशोब करायचा, तो पाण्याचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचं पाणी मुखाजवळ असं ओढतं की ट्रोलिंग मोटार फुल वर ठेवून होडी जागच्या जागी उभी राहते आणि बॅटरी मात्र संपत जाते. मी भरतीबरोबर वर जातो आणि ओहोटीबरोबर खाली येतो, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत तर अर्ध्या बॅटरीत सकाळ निघते. आणि वल्हं होडीत असलंच पाहिजे, लाइफ जॅकेटसारखंच.

३. सामान

- तांब्याची मल्टीस्ट्रँड केबल, लाल आणि काळी, जाडी पुढे सांगतो
- डीसी ब्रेकर किंवा फ्यूज, होल्डरसकट
- केबलच्या मापाचे टिन केलेले तांब्याचे लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायची, बोल्टसाठी भोक असलेली टोपी), आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह
- लग दाबायचं क्रिम्पिंग टूल, विकत नको असेल तर इन्व्हर्टर बसवणाऱ्याकडून तासभर मागून आणा
- अँडरसन कनेक्टरची जोडी, फोर्कलिफ्टला आणि ई-रिक्षाला असतो तो
- झाकण आणि पट्टा असलेला बॅटरी बॉक्स
- मल्टीमीटर, साधा चालतो
- पेट्रोलियम जेली, स्प्रिंग वॉशर, नायलॉक नट
- बॅटरीच्या प्रकाराला जुळणारा चार्जर

४. वायर, इथे पैसे वाचवू नका

दुकानात "४ एमएम", "६ एमएम" म्हणतात ते स्क्वेअर एमएम असतं. माझी पहिली वायर घराच्या वायरिंगमधली ४ एमएमची होती. बॅटरी वजनासाठी पुढे नाळेकडे, मोटार मागे, मध्ये चार मीटर. पण करंट जातो आणि परत येतो, म्हणजे वायर आठ मीटर मोजायची. आठ मीटर ४ एमएम वायरीत ५० ॲम्पिअर गेला की जवळपास २ व्होल्ट वायरीतच जिरतात. लोडवर बॅटरी आधीच ११.८ वर आलेली, मोटारीला मिळतात ९.८, आणि उरलेले १०० वॉट वायर तापवण्यात जातात. एक छोटा सोल्डरिंग गन सतत चालू ठेवल्यासारखं आहे हे, तेही फायबरच्या होडीत.

त्या दिवशी शेजारचे काका बरोबर होते, त्यांची अख्खी हयात मासेमारीत गेलीय. ओहोटी लागली म्हणून मी फुल स्पीड दिला, वीसेक मिनिटांनी ते म्हणाले, "अरे, वास कसलो येता?" मी वाकून बघतो तर वायरीच्या मध्ये जो स्क्रूवाला प्लास्टिकचा कनेक्टर लावला होता तो एका बाजूने मेणासारखा खाली लोंबत होता, आतला पितळी स्क्रू दिसायला लागला होता, आणि वायरीचं लाल आवरण दोन बोटं लांबीपर्यंत मऊ होऊन चमकत होतं. हात लावला तर सालपट निघून आलं. ब्रेकर नव्हता. लाल आणि काळी एकमेकांना टेकायला फार अंतर उरलं नव्हतं. बॅटरीची क्लिप उपसून काढली आणि वल्ही मारत आलो.

१६ एमएम लावली तर त्याच आठ मीटरमध्ये अर्धा व्होल्ट जातो, २५ एमएमला त्याहून कमी. म्हणून ५५ पौंडाच्या मोटारीला, बॅटरी आणि मोटारीत तीन मीटरपर्यंत अंतर असेल तर १६ एमएम, त्यापेक्षा जास्त असेल तर २५ एमएम घ्या. ३० पौंडाची मोटार ३० ॲम्पिअर घेते, तिला जवळ बॅटरी असेल तर १० एमएम पुरते.

ही केबल इन्व्हर्टरवाल्याकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानात मिळते. वेल्डिंग केबल फार मऊ असते, होडीत वळवायला सोपी, पण तिथे एक सापळा आहे: ॲल्युमिनियमची वेल्डिंग केबल पण तशीच काळी, तशीच जाड, आणि बरीच स्वस्त मिळते. टोक सोलून बघा. वरून तांब्याचा रंग दिसला तरी एखादी तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचं टोक किती दिवस टिकेल याचा विचारच करू नका. टिन केलेली तांब्याची केबल मिळाली तर सोनं, सोलरवाल्यांकडे टिन केलेली असते पण ती बहुतेक ४ आणि ६ एमएमचीच, ती मोटारीला वापरू नका.

५. ब्रेकर

बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत ब्रेकर किंवा फ्यूज हवा. मोटारीजवळ नाही, बॅटरीजवळ. कारण तो वायरीला वाचवायला असतो, आणि बॅटरी ते ब्रेकर हा जो तुकडा आहे त्याला वाचवणारं कोणीच नाही, म्हणून तो जितका छोटा तितका बरा. ५० ॲम्पिअरच्या मोटारीला ६० चा.

घराच्या मीटर बॉक्समधली एमसीबी लावू नका, कितीही ॲम्पिअरची असली तरी. ती एसीसाठी असते, एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ठिणगी तशीच ताणून राहते आणि एमसीबी आतल्या आत जळू शकते. सोलरवाल्यांकडे डीसी एमसीबी मिळते, ६३ ॲम्पिअरची घ्या, तिच्यावर प्लस-मायनस लिहिलेलं असेल तर त्याच दिशेने जोडा आणि वॉटरप्रूफ डबीत बसवा. ऑनलाइन बटनवाले छोटे ब्रेकर स्वस्तात मिळतात, मी दोन वापरून बघितले, दोन्ही चाळीस ॲम्पिअरलाच तापून पडायला लागले. शेवटी एएनएल फ्यूज, म्हणजे बोल्टने आवळायचा पट्टीचा मोठा फ्यूज, लावला आणि दोन स्पेअर टॅकल बॉक्समध्ये ठेवलेत.

६. लग दाबणं आणि जोडणी

लगच्या नळीएवढीच केबल सोला, एकही तार बाहेर राहता कामा नये आणि एकही तार कापली जाता कामा नये. स्लीव्ह आधी केबलवर सरकवून ठेवा, हे विसरलं की सगळं परत. केबल लगमध्ये तळापर्यंत घाला, टूलने दोन जागी दाबा, मग लग पायाखाली धरून केबल जोरात ओढा. हलली तर कापून परत करा. हातोडीने ठोकलेला लग बाहेरून छान दिसतो आणि आत पोकळ राहतो, तिथेच तापतो. मग स्लीव्ह वर आणून गरम करा, दोन्ही तोंडांतून गोंद थोडा बाहेर आला की समजा पाणी आत जाणार नाही.

बॅटरीच्या बोल्टवर पंखवाले नट येतात, हाताने फिरवायचे. ते काढून टाका. लाटांच्या हादऱ्यात सैल होतात आणि सैल जोड म्हणजे उष्णता. स्प्रिंग वॉशर आणि नायलॉक नट पान्याने आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी नाही, आवळून झाल्यावर.

जोडायचा क्रम: ब्रेकर बंद, मोटारीचा स्विच शून्यावर, मग प्लस, मग मायनस, मग ब्रेकर चालू करून मल्टीमीटरने मोटारीच्या टोकाला प्लस-मायनस बरोबर आहे का बघा, ब्रेकर परत बंद करा, आणि मगच मोटारीचा कनेक्टर लावा. उलटं जोडलं तर साधी मोटार उलटी फिरेल, पण इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवाली असेल तर बोर्ड जातो. सोडवताना आधी मायनस.

बॅटरी बॉक्सला पट्टा बांधा, आणि बॉक्स पेट्रोलच्या टाकीपासून लांब ठेवा.

७. दोन बॅटऱ्या असतील तर

पहिलीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडला की सिरीज, म्हणजे २४ व्होल्ट, एएच तेवढेच. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस म्हणजे पॅरलल, १२ व्होल्ट, एएच दुप्पट. १२ व्होल्टच्या मोटारीला सिरीज लावली की मोटार गेली, म्हणून जोडल्यावर मल्टीमीटर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. पॅरललमध्ये लाल वायर एका बॅटरीवरून आणि काळी दुसऱ्या बॅटरीवरून काढा, तरच दोघी सारखं काम करतात. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. जुनी आणि नवी जुंपली तर जुनी नवीला पण घेऊन बसते.

२४ व्होल्टवाल्यांची नेहमीची चूक: फिशफाइंडर किंवा लाइटसाठी दोघींपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढतात. ती बिचारी रोज थोडी जास्त रिकामी होते आणि वर्षभरात बसते. फिशफाइंडरला ७ एएचची छोटी बॅटरी वेगळी ठेवा, म्हणजे मोटारीमुळे उमटणारी खोटी रेघही स्क्रीनवर येत नाही.

८. पाण्यात टेस्ट

मोटार पाण्याबाहेर चालवू नका. होडी धक्क्याला दोरीने बांधा, प्रोपेलर पाण्यात, फुल स्पीड. आधी बॅटरीच्या बोल्टवर व्होल्ट मोजा, मग मोटारीच्या कनेक्टरवर. फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास असेल तर काम झालं. एक व्होल्ट आला तर कुठेतरी जोड कच्चा आहे, पाच मिनिटं चालवून बंद करा आणि प्रत्येक जोडावर हात ठेवून बघा, जो गरम लागेल तो उघडा. माझ्या दुसऱ्या वायरिंगमध्ये ब्रेकरच्या डाव्या स्क्रूवर चटका बसला होता, तो पाव फेरा कमी आवळला गेला होता, बस एवढंच.

९. चार्जिंग

होडीवरून आलात की त्याच दिवशी चार्जिंगला लावा, उद्यावर ढकलू नका. लेड ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि तेवढी बॅटरी कायमची कमी होते. बॅटऱ्या वापराने कमी आणि अशा पडून राहून जास्त मरतात हे मी आजूबाजूला बघितलंय.

चार्जर ऑटोमॅटिक, टप्प्यांत चार्ज करणारा घ्या, ज्यावर बॅटरीचा प्रकार निवडता येतो. पाण्याच्या लेड ॲसिड बॅटरीला १४.४ व्होल्ट किंवा थोडं वर नेऊन मग १३.५ च्या आसपास फ्लोटवर, म्हणजे भरलेली टिकून राहील एवढ्याच व्होल्टवर, ठेवतो तो. लिथियमला १४.४ ते १४.६ वर नेऊन थांबणारा, लिथियमचाच चार्जर हवा. चार्जर किती ॲम्पिअरचा? लेड ॲसिडला एएचचा दहावा भाग, म्हणजे १०० एएचला १० ॲम्पिअर. अर्धी रिकामी बॅटरी भरायला पाच तास असं गणित येतं पण शेवटचा भाग ती हळूहळू पिते, म्हणून सात-आठ तास धरा, थोडक्यात रात्रभर. आमच्याकडे रात्री लाइट जाते, आणि काही चार्जर लाइट परत आल्यावर बटन दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत. घेताना हे दुकानातच प्लग काढून-लावून बघा.

गॅरेजमधला जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर आपणहून थांबत नाही. मी एकदा बॅटरी एका गॅरेजमध्ये ठेवली, दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तर हात ठेववत नव्हता आणि सहाही सेलमधलं पाणी प्लेटांच्या खाली गेलं होतं. घरच्या इन्व्हर्टरवर लावून ट्युब्युलर बॅटरी भरता येते, पण लिथियम त्यावर लावू नका, इन्व्हर्टरला तसा मोड असेल तरच.

चार्जिंग पडवीत किंवा उघड्या शेडमध्ये करा. बंद खोलीत नाही, देवघराच्या बाजूला तर नाहीच. भरत आलेली लेड ॲसिड बॅटरी हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. म्हणून आधी चार्जरच्या क्लिप बॅटरीला, मग भिंतीवरचं बटन चालू. काढताना उलट, आधी बटन बंद, मग क्लिप. झाकणं उघडताना चष्मा घाला.

पाणी डिस्टिल्डच. विहिरीचं, आरओचं, एसीतून गळणारं, यातलं काहीही नको. आणि पाणी चार्जिंग झाल्यावर घाला, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधी भरलं तर ॲसिड बाहेर सांडतं. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच घालायचं.

बॅटरी भरली का हे चार्जर काढल्या काढल्या मोजू नका, तीन-चार तास थांबा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे तुम्ही जास्त ओढलीत. हे आकडे लिथियमला लागू नाहीत, ती ८० टक्क्यांना पण १३.२-१३.३ दाखवते आणि ३० ला पण जवळपास तेवढंच, आणि मग एकदम बंद. लिथियमवाल्यांनी एएच मोजणारा शंटवाला मीटर बसवावा.

२४ व्होल्टच्या जोडीला मी सांगेन की मधली जोडवायर सोडवून दोघींना वेगवेगळं १२ व्होल्टच्या चार्जरने भरा. थोडा त्रास आहे, पण दोघी बरोबरीत राहतात. सोलरचं बरेच जण विचारतात. १०० वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला २५-३० एएच देतं, कंट्रोलर लावूनच, म्हणजे रविवारी फिरून आठवडाभरात भरायला उत्तम, रोज जाणाऱ्याला अपुरं.

१०. खारं पाणी आणि पावसाळा

मोटार गोड्या पाण्यासाठी बनवलेली असेल तर खाडीत ती लवकर खराब होते, घेतानाच खाऱ्या पाण्याची आहे का विचारा. तिच्या शाफ्टजवळ किंवा प्रोपेलरमागे झिंकचा तुकडा असतो, तो झिजण्यासाठीच आहे, अर्धा झिजला की बदला. परत आलात की मोटार टिल्ट करून गोड्या पाण्याने धुवा, कनेक्टर ओल्या कपड्याने पुसून मग कोरड्याने. लगवर हिरवं किंवा पांढरं पीठ धरलं तर मायनस सोडवून खायच्या सोड्याच्या पाण्याने ब्रशने घासा, सेलच्या झाकणातून एक थेंबही आत जाऊ देऊ नका, मग कोरडं करून जेली.

जूनला होडी वर ओढली की बॅटरी होडीत ठेवू नका. घरी आणा, पूर्ण भरा, दोन्ही वायरी सोडवा, आणि महिन्यातून एकदा चार्जरला लावा, कारण लेड ॲसिड नुसती ठेवली तरी उतरत जाते. लिथियम उलट, तिला अर्ध्या-पाऊण चार्जवर ठेवा आणि मध्ये एकदा बघा. मी कॅलेंडरवर जून, जुलै, ऑगस्टच्या एक तारखेला लाल पेनाने "बॅटरी" असं लिहून ठेवतो, आणि नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी लोडवर व्होल्ट मोजूनच बॅटरी परत होडीत नेतो.